ओला कचरा घरात जिरवायचा, तर आधी पाला साठवा

फ्लॅटमध्ये कंपोस्ट सुरू करणारे बरेच जण महिन्याभरात वास येतो म्हणून ते बंद करतात. दोष सहसा बादलीचा नसतो, विकतच्या कल्चरचाही (कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाचाही) नसतो. वाळका पाला कमी पडलेला असतो.

भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा यांत पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर, कर्ब (कार्बन) कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब हवा असतो आणि तो वाळक्या पानांत मिळतो. शिवाय पाल्यामुळे मधे हवा खेळती राहते. हवा कोंडली की दुसरेच जिवाणू वाढतात आणि कुबट वास सुटतो. कचरा डेपोच्या ढिगाऱ्यात मिथेन तयार होतो तोही असाच, हवेविना कुजताना. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षं सोसला आहे. आपल्या ओट्यावरची सालं तरी तिकडे जायला नकोत.

म्हणून पानगळीच्या दिवसांत पाला गोळा करा. रेनट्री आणि गुलमोहराची बारीक पानं सगळ्यात चांगली, ती चुरावीही लागत नाहीत. आंबा-फणसाची पानं चिवट, म्हणून गोणीत भरून पायाखाली चुरून घ्या. निलगिरी टाळा. पावसाळ्यात कोरडं पान मिळत नाही, तेव्हा चार महिन्यांच्या बेगमीला चुरून दाबलेल्या चार-पाच गोणी हव्यात. सोसायटीत पाला जाळत असतील तर झाडणाऱ्या मावशींशी आधीच बोलून ठेवा. सुताराकडचा भुसा चालतो, पण फक्त साध्या लाकडाचा. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात डिंक असतो.

चौघांच्या घराला २० लिटरच्या तीन बादल्या लागतात. रंगाचा रिकामा, स्वच्छ धुतलेला डबाही चालतो. तळाला आठ-दहा आणि बाजूंना चार-चार बोटांवर ८ मिलिमीटरची भोकं पाडा. खाली ताटली ठेवा आणि बादली दोन विटांवर चढवा, नाहीतर तळाची भोकं बुजतात. आत नारळाच्या शेंड्यांचा तीन बोटं थर द्या, त्यावर तेवढाच पाला, त्यावर दोन मुठी तयार खत किंवा वाळलेलं शेण. दोन्ही नसेल तर पाल्यावर वाटीभर आंबट ताक शिंपडा.

रोजचा कचरा बोटाच्या पेराएवढा चिरून टाका. चोथ्यातली साखर आणि दूध धुऊन काढा. जेवढा कचरा तेवढाच पाला, पावसाळ्यात दुप्पट, आणि वरचा थर नेहमी पाल्याचाच. आठवड्यातून दोनदा खुरप्यानं तळापर्यंत हलवा. तेलकट भाजी, दूध-दही, मांसमच्छी बादलीत नको. करवंटी आणि आंब्याची कोय वेगळी ठेवा, निर्माल्यातला दोरा काढून टाका.

ओल तपासायची तर मूठभर माल घट्ट पिळून पाहा. थेंब-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर पाला घाला आणि दिवसभर झाकण उघडं ठेवा. मूठ सोडताच माल भुगा होऊन पडला तर पाण्याचा हबका मारा. मुंग्या लागल्या तर माल कोरडा पडलाय असं समजा. चिलटं येतात ती उघड्या राहिलेल्या फळांवर, तिथे पाल्याचा जाड थर द्या. पावसाळ्यात करड्या, जाडसर, वळवळणाऱ्या अळ्या दिसतात. किळस वाटते खरी, पण त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात आणि कचरा झपाट्यानं फस्त करतात. त्यांच्यावर फिनाईल किंवा कीटकनाशक मारू नका, त्यानं जिवाणूही मरतात.

तीन-चार आठवड्यांत बादली भरते. मग तीत नवा कचरा अजिबात टाकू नका. आठवड्यातून एकदा हलवत ४५ ते ६० दिवस ठेवा, तोवर दुसरी-तिसरी वापरा. माल काळसर झाला, पावसानंतरच्या मातीसारखा वास आला आणि हाताला गरम लागेनासा झाला की सावलीत दोन दिवस पसरून चाळा. अर्धवट खत कुंडीत घातलं तर ते तिथेच कुजत राहतं आणि मातीतला नत्र ओढून घेतं, मग रोपं पिवळी पडतात.

नवी कुंडी भरताना तीन भाग मातीला एक भाग खत पुरे. लावलेल्या रोपाला महिन्याला दोन मुठी द्या, बुंध्यापासून थोड्या अंतरावर. ताटलीत साचलेलं तपकिरी पाणी दहापट पाणी मिसळूनच झाडांना घाला. चाळणीवर उरलेली जाडी-भरडी देठं मात्र फेकू नका. पुढच्या बादलीला विरजण म्हणून तीच घालायची.