ती पिन आत्ता कोणाच्या ताब्यात आहे?

एसएक्स१२७६ या लोरा (कमी विजेत दूरवर थोडा डेटा पाठवायची पद्धत) रेडिओ चिपमध्ये हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरच्या मोजणीत, ४२ या पत्त्यावर एक रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायची छोटी जागा, असतं. त्यात चिपची आवृत्ती लिहिलेली असते. रेडिओ नीट जोडला असेल तर तिथून हेक्स १२ वाचता येतं. मला सलग चार संध्याकाळी तिथे शून्य दिसत होतं. चूक वायरींमध्ये नव्हती आणि रेडिओतही नव्हती. जिथे होती तिथे पोचायला मला इतका वेळ का लागला, ते सविस्तर लिहिते, कारण छोट्या लिनक्स बोर्डांवर काम करणारे बरेच जण याच वाटेवर अडकतात.

माझा बोर्ड ऑलविनर एच३ घराण्यातल्या चिपचा, २६ पिनांच्या हेडरचा (हेडर म्हणजे वायरी जोडायच्या पिनांच्या रांगा). त्याला तीन गोष्टी जोडायच्या होत्या: तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा बीएमई२८० सेन्सर आय-टू-सीवर, जीपीएस सीरियल पोर्टवर आणि मोजमापं दूर पाठवणारा लोरा रेडिओ एसपीआयवर. आय-टू-सी, सीरियल आणि एसपीआय या चिपांनी वायरींवरून एकमेकींशी बोलायच्या तीन पद्धती. सेन्सर अर्ध्या तासात लागला. स्कॅन केल्यावर त्याचा हेक्स ७६ हा पत्ता दिसला आणि मी पुढे गेले.

जीपीएसच्या वेळी मात्र मी एक गोष्ट केली, जी तेव्हा अगदी निरुपद्रवी वाटली. हेडरवरच्या ८ आणि १० नंबरच्या पिनांवर चिपचा कितवा सीरियल पोर्ट येतो हे मला माहीत नव्हतं. म्हणून सेटिंगच्या फाइलमध्ये यूएआरटी (सीरियल पोर्टचं चिपमधलं नाव) १, २ आणि ३ असे तिन्ही ओव्हरले, म्हणजे चिपचा एखादा भाग चालू करणाऱ्या सेटिंगच्या जोडी, चालू केले, बोर्ड रीबूट केला आणि ९६०० बॉडच्या वेगावर एकेक पोर्ट उघडून पाहिला. पहिल्याच पोर्टवर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या जीपीएसच्या ओळी धडाधड यायला लागल्या. उरलेले दोन पोर्ट तसेच चालू राहू दिले. वापरात नाहीत, तर त्रास तरी काय देणार, असं वाटलं.

मग रेडिओ. माझ्या हाताशी रास्पबेरी पायसाठी लिहिलेली मार्गदर्शिका होती. तिच्यात एसपीआयच्या पिना १९, २१, २३ आणि २४ होत्या. माझ्या बोर्डाच्या नकाशातही त्याच जागी एसपीआय लिहिलेलं होतं, त्यामुळे वायरी बिनधास्त जोडल्या. मार्गदर्शिकेतला प्रोग्राम एसपीआयडेव्ह ०.० ही डिव्हाइस फाइल उघडत होता, म्हणून ओव्हरलेमध्ये बसचा, म्हणजे चिपमधल्या कितव्या एसपीआयचा, नंबर शून्य दिला. रीबूट केल्यावर फाइल हजर होती. प्रोग्रामने ती उघडली, एकही एरर आला नाही आणि रजिस्टर ४२ मधून शून्य आलं.

एरर न येणं हीच इथली खरी अडचण होती. फाइल आहे, उघडते आहे, लिहिलेलं स्वीकारते आहे, म्हणजे बोर्डाच्या बाजूने सगळं ठीक असणार असं मी धरून चालले आणि सगळा संशय वायरींवर गेला. मल्टीमीटर लावून एकेक वायर सलग आहे का ते पाहिलं. मॉड्यूलला ३.३ व्होल्ट मिळतात का ते मोजलं. एसपीआयचा वेग ५ मेगाहर्ट्झवरून १ लाख हर्ट्झपर्यंत खाली आणला. दुसरं मॉड्यूल लावून पाहिलं. हेडर उलट्या बाजूने तर मोजत नाही ना, म्हणून बोर्ड पालथा करून १ नंबरच्या पिनेचा चौकोनी सोल्डर पॅड शोधला. ही सगळी तपासणी योग्यच होती, फक्त क्रम चुकला होता.

पाचव्या दिवशी मॉड्यूल काढून ठेवलं आणि १९ आणि २१ या दोन पिना एकाच छोट्या वायरीने एकमेकींना जोडल्या. एसपीआयमध्ये डेटा बाहेर जाणारी पिन आणि आत येणारी पिन अशी जोडली, की पाठवलेले बाइट जसेच्या तसे परत यायला हवेत. याला लूपबॅक म्हणतात. मी चार ओळखीचे बाइट पाठवले, परत चार शून्यं आली.

या एका चाचणीने रेडिओ प्रश्नातून बाहेर पडला. मध्ये फक्त एक वीतभर वायर होती आणि ती मी तपासलेली होती. तरी बाइट परत येत नाहीत, याचा अर्थ बोर्ड जो सिग्नल पाठवतोय तो या पिनांपर्यंत येतच नाहीये. ही चाचणी पहिल्या संध्याकाळी करायला हवी होती, हे मला आजही मनापासून वाटतं. एसपीआय आणि सीरियल दोन्हींसाठी ती चालते आणि दोन मिनिटांत होते. आय-टू-सीसाठी मात्र ती नाही, तिथे स्कॅनच करावा लागतो.

आता प्रश्न बदलला. एसपीआयच्या पिना कुठे आहेत हे विचारण्याऐवजी, या १९ नंबरच्या पिनेवर आत्ता चिपचा कुठला भाग बसलाय, हे विचारायचं होतं.

इथे नावांचा गुंता सोडवावा लागतो. एकाच पिनेला किमान तीन नावं असतात. एक हेडरवरचा नंबर, जो नुसता जागा सांगतो. दुसरं चिप बनवणाऱ्याने दिलेलं नाव. ऑलविनरमध्ये ते पीए१५, पीजी६ असं असतं, पहिला पी पोर्टचा आणि पुढचं अक्षर गटाचं. तिसरा लिनक्सचा नंबर, जो त्या नावावरून काढता येतो: ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक असं गटाचं अक्षर मोजायचं, त्याला ३२ ने गुणायचं आणि पुढचा आकडा मिळवायचा. पीजी६ चा नंबर म्हणून ६ गुणिले ३२ अधिक ६, म्हणजे १९८. रॉकचिप या दुसऱ्या कंपनीच्या चिपमध्ये हिशोब थोडा वेगळा असतो, बँक गुणिले ३२, अधिक गट गुणिले ८, अधिक आकडा. तिथली जीपीआयओ४ सी५ ही पिन १४९ होते (जीपीआयओ म्हणजे प्रोग्रामने साधी चालू-बंद करायची किंवा वाचायची पिन). एका बोर्डाचे आकडे दुसऱ्या बोर्डाच्या प्रोग्राममध्ये तसेच्या तसे टाकले तर जागा बरोबर आणि नंबर भलताच, असं होऊ शकतं. एकाच घरातल्या बोर्डांतही हे होतं. रास्पबेरी पायच्या पहिल्या रिव्हिजनमध्ये हेडरच्या १३ नंबरच्या पिनेवर जीपीआयओ २१ होता, दुसऱ्या रिव्हिजनमध्ये त्याच जागी २७ आला.

या तिन्ही नावांच्या पलीकडे आणखी एक गोष्ट असते: पिनेचं काम. चिपमध्ये जितके अंतर्गत भाग असतात तितक्या पिना बाहेर काढणं शक्य नसतं. म्हणून प्रत्येक पिनेमागे एक निवडक स्विच असतो, त्याला पिनमक्स म्हणतात. तीच पिन एसपीआयला देता येते, सीरियल पोर्टला देता येते किंवा साधी चालू-बंद करायला ठेवता येते. पण एका वेळी एकालाच. कोणाला द्यायची ते बोर्ड सुरू होताना डिव्हाइस ट्री वाचून ठरतं आणि ओव्हरले म्हणजे त्या डिव्हाइस ट्रीला लावलेली जोड. मी ओव्हरले चालू करत होते तेव्हा खरं तर पिनांचं वाटप करत होते, फक्त तसं पाहत नव्हते.

सुखाची गोष्ट अशी, की हे वाटप कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उघडपणे दाखवतो. सिस फोल्डरमध्ये कर्नल, त्यात डीबग, त्यात पिनकंट्रोल, आणि त्याच्या आत पिनमक्स-पिन्स नावाची फाइल. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन ती वाचली की प्रत्येक पिनेसमोर मालकाचं नाव येतं. मी हेडरचा नकाशा कागदावर शेजारी ठेवला आणि एकेक ओळ लावत गेले. १९ म्हणजे पीए१५, समोर कोणीच नाही. २१ म्हणजे पीए१६, तिथेही कोणी नाही. २३ म्हणजे पीए१४, मालक १सी२८सी००.सीरियल, काम यूएआरटी३. २४ म्हणजे पीए१३, मालक तोच. आणि त्याच फाइलमध्ये खाली दिसलं, की एसपीआय शून्य पीसी० ते पीसी३ या पिना धरून बसला होता. त्या हेडरवर येतच नाहीत. बोर्डावर फ्लॅश मेमरी बसवण्याची जागा असते, तिकडे त्या जातात. माझ्या बोर्डावर ती जागा रिकामी होती.

चार संध्याकाळी माझा प्रोग्राम एका रिकाम्या जागेशी बोलत होता आणि ते बोलणं तांत्रिकदृष्ट्या पूर्ण बरोबर चाललं होतं, म्हणून एरर नव्हता. फ्लॅश बसवलेली असती तर मी रेडिओसाठीचे बाइट तिच्याकडे पाठवत राहिले असते, हे लक्षात आल्यावर मात्र जरा दचकले.

हेडरवर येतो तो एसपीआय एक. ओव्हरलेमधला बस नंबर बदलून १ केला आणि रीबूट केलं. आता एसपीआयडेव्ह १.० दिसायला हवी होती. दिसली नाही. पण या वेळी कुठे पाहायचं ते माहीत होतं. कर्नलच्या लॉगमध्ये स्वच्छ ओळ होती: पिन पीए१३ आधीच १सी२८सी००.सीरियलने मागून घेतली आहे, १सी६९०००.एसपीआयला देता येत नाही. पुढे एरर उणे २२. म्हणजे जीपीएसच्या दिवशी निष्काळजीपणे चालू ठेवलेला तिसरा सीरियल पोर्ट. त्याला काहीही जोडलेलं नव्हतं, तरी त्याने पीए१३ आणि पीए१४ बूट होतानाच ताब्यात घेतल्या होत्या, आणि एसपीआय एकला त्याच दोन्ही पिना हव्या होत्या, एक चिप निवडायला, एक क्लॉकसाठी.

यूएआरटी २ आणि ३ चे ओव्हरले काढले, फक्त १ ठेवला. रीबूट. डिव्हाइस फाइल आली. आधी लूपबॅक: चार बाइट पाठवले, चारही परत. मग रेडिओ जोडला, रजिस्टर ४२ वाचलं. हेक्स १२. मी तो आकडा पाच-सहा वेळा वाचला, दर वेळी १२ आला आणि खूप हलकं वाटलं.

एक बारीक तिढा अजून उरला होता. वीज बंद करून पुन्हा दिली की रेडिओ छान चालायचा, पण प्रोग्राम मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला की गप्प. आवृत्तीचा आकडा बरोबर यायचा, पण पॅकेट यायचे नाहीत. म्हणजे चिप आधीच्या स्थितीतच राहत होती, रिसेट होत नव्हती. रिसेटची वायर हेडरच्या ११ नंबरला होती. मार्गदर्शिकेप्रमाणे ती जीपीआयओ १७, म्हणून प्रोग्राममध्ये १७ होता. माझ्या बोर्डावर ११ म्हणजे पीए१, लिनक्सचा नंबर १.

मग १७ कोण? जीपीआयओइन्फो ही आज्ञा दिली तर १७ व्या लाइनसमोर (लिनक्स जीपीआयओ पिनेला लाइन म्हणतो) बोर्डावरच्याच लाल एलईडीचं नाव निघालं. एलईडीचा ड्रायव्हर ती लाइन धरून असल्यामुळे कर्नल प्रोग्रामला दर वेळी नकार देत होता आणि मी वापरलेली स्क्रिप्ट तो नकार पकडून गिळत होती. एरर पकडून गप्प बसणारा तो भाग मी लगेच काढून टाकला. हार्डवेअरच्या कामात असा कोड फार महागात पडतो, कारण समोर दिसत असतं फक्त न चालणारं मॉड्यूल.

नंबर १ केला. एसएक्स१२७६ ची रिसेट पिन १०० मायक्रोसेकंद खाली ओढायची, सोडायची आणि ५ मिलिसेकंद थांबायचं. तिच्याच घराण्यातल्या एसएक्स१२७२ मध्ये हे उलटं आहे, तिथे पिन वर न्यावी लागते, त्यामुळे मॉड्यूलवरचं चिपचं नाव भिंगातून पाहून खात्री केली. सोडायची म्हणजे लाइन इनपुट करून मोकळी ठेवायची, हेही प्रोग्राममध्ये स्पष्ट लिहिलं. त्यानंतर प्रोग्राम वीस वेळा मुद्दाम मध्येच तोडून पुन्हा चालवला. वीसही वेळा पॅकेट आले.

आता नव्या बोर्डाला पहिली वायर लावायच्या आधी मी एक तक्ता करते. हेडरचा नंबर, चिपमधलं नाव, लिनक्सचा नंबर, मला हवं असलेलं काम आणि शेवटच्या रकान्यात पिनमक्स-पिन्सने सांगितलेला मालक. ओव्हरले बदलला की शेवटचा रकाना खोडून पुन्हा भरते. काही चिपांचे ड्रायव्हर दुसऱ्याच्या ताब्यातली पिन साधी जीपीआयओ म्हणून मागितली तर स्पष्ट नकार देतात, काहींचे निमूटपणे देऊन टाकतात आणि मग चालता सीरियल पोर्ट अचानक मुका होतो. म्हणून नकार आला नाही तरी तो रकाना मी वाचतेच. या बोर्डाच्या तक्त्यात ११ नंबरच्या ओळीत आता पीए१, नंबर १, रेडिओ रिसेट असं आहे आणि १३ नंबरची पिन मोकळी आहे. तिथे पुढच्या आठवड्यात रेडिओची डीआयओ० ही इंटरप्टची, म्हणजे रेडिओने बोर्डाचं लक्ष वेधायची, लाइन येणार आहे.