चट्टा आला, चट्टा गेला

मांजर पाळलं की हाताला एक खोड लागते. टीव्ही बघताना, फोनवर बोलताना हात आपला तिच्या अंगावरून फिरतच असतो, आणि काही बिनसलंय हे डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. आमच्या शेवंताच्या (पांढरी, पाठीवर भगवी ठिगळं, नाव सासूबाईंनी ठेवलेलं) केसांच्या मुळाशी कधीकधी रवा सांडल्यासारखं खरखरीत लागतं, केस बाजूला करून बघावं तर बारीक बारीक खपल्या, मग तिथले केस विरळ होतात, गुलाबी कातडी दिसायला लागते आणि सगळ्या घराचं लक्ष तिथे. काही दिवसांनी खपल्या पडतात, मऊ लव येते, आपण विसरून जातो. की मग दुसऱ्याच जागी, नाकाच्या दांडीवर नाहीतर कानाच्या कडेला नाहीतर कुशीवर, परत तेच.

शेवंताला याचं काही म्हणजे काही नाही. खाते, झोपते, पडद्यावर चढते. टेन्शन आम्हाला.

आणि प्रत्येकाला त्या चट्ट्यात ज्याची त्याची धास्ती दिसते हे मला फार मजेशीर वाटतं. सासूबाईंचं माहेर लालबागचं, चाळीत एकाला नायटा झाला की मजलाभर व्हायचा, त्यामुळे त्या लांबूनच बघून म्हणाल्या, "नायटाच आहे अगं तो, पोरीला हात लावू देऊ नकोस." नवऱ्याला बिल्डिंगमागच्या नाल्याचा राग आहे, त्यामुळे त्याच्या मते पिसवा. लेकीच्या मते शेवंताला स्ट्रेस आलाय कारण आपण तिला वेळ देत नाही, आणि हे बोलताना ती शेवंताकडे न बघता माझ्याकडे बघत होती. खालच्या काकूंनी दृष्ट काढायला सांगितली. मी यातलं काहीच म्हटलं नाही, मी रात्री दोन वाजता मोबाईलवर फोटो झूम करून कॅन्सर आहे का बघत होते. पांढऱ्या मांजरांच्या कानांना उन्हाने खरंच होतो तो, पण तिथली जखम भरून येत नाही, चिघळत जाते. आमचा चट्टा तर भरून येतो, परत येतो, परत भरतो, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं तेव्हा कुठे मला झोप लागली.

दवाखान्यात सगळ्यात आधी सासूबाईंचा नंबर लागला. नायटा म्हणजे फंगस, मांजरांमध्ये बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस नावाचं, आणि ते माणसांना लागतं हे अगदी खरं, सासूबाईंची धास्ती काही उगाच नव्हती. मॅडमनी केबिनचे दिवे घालवले आणि तो जांभळट प्रकाशाचा वुड्स लॅम्प शेवंतावर धरला. हे फंगस असेल तर केसांच्या मुळाजवळ सफरचंदासारखी हिरवी चमक दिसते म्हणे. आम्ही श्वास रोखून बघतोय, आणि चमकलं काय तर माझ्या काळ्या कुर्त्यावर चिकटलेला कसलातरी धागा, पांढराफटक! शेवंता अंधारातच राहिली. पण न चमकणारं फंगसही असतं, त्यामुळे मॅडमनी नवा कोरा टूथब्रश काढला, तिच्या अंगभर विंचरल्यासारखा फिरवला आणि तो कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये त्यावर फंगस वाढतं का ते बघायला, पाठवला. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्यात घरात ज्याला जिथे खाजेल तिथे तो टॉर्च मारून बघायचा, नवऱ्याने तर साध्या घामोळ्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. रिपोर्टमध्ये काही आलं नाही. "मशीनला काय कळतंय," सासूबाई म्हणाल्या, "तू बैलघोड्यात दाखव." बैलघोडा म्हणजे परळचं जनावरांचं जुनं हॉस्पिटल, खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांचं, पण लालबाग-परळची जुनी माणसं अजूनही बैलघोडाच म्हणतात. डोंबिवलीहून गर्दीच्या लोकलमध्ये बास्केटमध्ये कोकलणारं मांजर घेऊन परळला जायचं या कल्पनेनेच मला खाज सुटली.

मग पिसवा. याची टेस्ट घरीच करता येते आणि खरं सांगू, मला ती आवडली. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या बुडाशी विंचरायचं, फणीत जी काळी भुकटी येते ती ओल्या टिश्यूवर झटकायची आणि थांबायचं. नुसती धूळ असेल तर काळीच राहते, पिसवांची घाण असेल तर भोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्त असतं. आम्ही चौघं डायनिंग टेबलावर डोकी एकत्र करून टिश्यूकडे बघत बसलो होतो. तांबूस काही झालं नाही. नवऱ्याचा चेहरा पडला. पण मॅडम म्हणाल्या की यावरून पिसवा नाहीतच असं म्हणता येत नाही, ज्या मांजराला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला एखादा चावाही पुरतो आणि चाटून चाटून ते पिसूच गिळून टाकतं, पुरावा पोटात! शिवाय अंगावर दिसतात त्या थोड्या, अंडी आणि अळ्या सगळ्या सोफ्यात, पायपुसण्यात. नवरा लगेच खुलला, सोफा उन्हात निघाला. वरच्या मजल्यावरच्या लॅब्रॅडॉरवाल्यांनी त्यांच्याकडचे उरलेले ड्रॉप्स प्रेमाने देऊ केले, ते मात्र मी हात जोडून परत केले आणि हे तुम्हीही लक्षात ठेवा, कुत्र्यांच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये परमेथ्रिन असतं, ते कुत्र्याला चालतं पण मांजराचं शरीर ते निचरून टाकू शकत नाही, झटके येऊन जीव जाऊ शकतो. डेटॉल, फिनेल याही गोष्टी लांब. मांजराच्या अंगावर लावलेलं सगळं शेवटी मांजराच्या पोटातच जातं.

लेकीच्या स्ट्रेसचंही झालं. मॅडमनी चट्ट्याच्या कडेचे चार केस उपटून मायक्रोस्कोपखाली धरले, टोकं तुटलेली. म्हणजे केस गळत नाहीयेत, बाईसाहेब स्वतःच चाटून तोडतायत, आणि तेही आम्ही बघत नसताना. लेक म्हणाली बघ, सांगत होते ना. पण नुसत्या मनाच्या कारणाने चाटणारी मांजरं कमी, शोधत गेलं की बहुतेकांत खाजेचं काहीतरी शारीरिक कारण निघतं. चाटते हे कळलं, का चाटते ते तिथेच.

मॅडम तेव्हा एक बोलल्या ते मला एकदम पटलं. मांजराच्या कातडीला म्हणे मोजक्याच तऱ्हा येतात. एक तर बारीक खपल्या, नाहीतर चाटून टक्कल, डोकं-मानेची खाज, नाहीतर ते लालभडक ओले उंचवटे आणि ओठावरची जखम. कारण पिसू असो, खाणं असो, धूळ असो, उत्तर त्या चार-पाचातलंच. चट्टा बघून निदान होत नाही, एकेक कारण काढून टाकत जायचं. मला ऑफिसमधल्या एका सरांची आठवण झाली, त्यांना राग येवो, भूक लागो की झोप येवो, चेहरा तोच.

खाण्याची ट्रायल, म्हणजे खाण्यातल्या कशाची ॲलर्जी आहे का ते बघणं, हा वेगळाच तमाशा. किमान ८ आठवडे एकच प्रोटीन द्यायचं, आणि तेही तिने आधी कधी न खाल्लेलं. आता शेवंताने काय खाल्लेलं नाही? चिकन, अंडं, बांगडा, मांदेली, बोंबील, लेकीच्या टिफिनमधलं पनीर, सगळं झालेलं. शेवटी निघालं मटण. आमच्याकडे मटण रविवारी, तेही महिन्याचं बजेट बघून, आणि हिला रोज, बिनमिठाचं उकडून! सासूबाई वरणभात कालवता कालवता तिच्या बशीकडे बघायच्या ते बघवत नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "कृपया शेवंताला कोणीही काहीही खायला घालू नये." त्यावर नुसते अंगठे आले. पुढे कळलं की ती खालच्या काकूंकडे रोज दुपारी जेवायला असते, तिथे तिचं नाव सोनी आहे. ट्रायल बाद. (काकूंचा स्वतःचा भगवा बोका आहे, त्याच्या ओठांवर काळे ठिपके आलेत, त्यांना ते दृष्ट लागल्याचे वाटतात. भगव्या मांजरांना वयाबरोबर येतातच ते, तिळासारखे असतात, त्रास काही नाही. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही.)

सध्या घरात डासांची थिअरी जोरात आहे. कोणाच्या डोक्यात आली नव्हती, माझ्यासुद्धा नाही, मॅडमनीच विचारलं की ही संध्याकाळी कुठे बसते. खिडकीच्या ग्रीलमध्ये, नाल्याच्या बाजूला, दिवेलागणीच्या वेळी, नेमाने. काही मांजरांना डास चावल्याची ॲलर्जी असते आणि चट्टे येतात ते नाकाच्या दांडीवर आणि कानांवर, जिथे केस आखूड तिथे. फोनमधले फोटो तारखेने लावले तर नाकाचे सगळे पावसाळ्यातले आणि ऑक्टोबरातले. म्हणजे नाल्याचा संबंध निघालाच, नवरा आता हे आल्यागेल्याला सांगतो. खिडक्यांना जाळी बसवली. शेवंता जाळीला नाक लावून बसते आणि माझ्याकडे वळून वळून बघते. या पावसाळ्यात नाक स्वच्छ राहिलं, कानही.

पण कुशीवरचा आलाच. नागपंचमीच्या आसपास, नेहमीसारखा, रवा आणि मग टक्कल. तिथे तिची एवढी दाट लोकर की डासाची सोंड पोचणं कठीण. मॅडम म्हणाल्या दोन कारणं एकदम असू शकतात, बऱ्याच वेळा असतातच, परत खाण्याची ट्रायल करू, यावेळी नीट. मी परत ग्रुपवर मेसेज टाकला, आणि यावेळी खालच्या काकूंकडे जाऊन समोरासमोर सांगितलं, काकू प्लीज, दोन महिने, मासे नाहीत, चिकन नाही, काहीच नाही. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दारापर्यंत सोडायला येऊन विचारलं, "पण सुकट धरतात का गं माशात?"