दुसरीच्या पालकांसाठी, आजच्या पालकसभेनंतर

आज वह्या चाळताना पुन्हा तीच चूक दिसली: 'त्रेपन्न' ऐकून 35. मूल निष्काळजी नाही हो! मराठीत एकक आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र दशक आधी. 'एकोणसाठ' तर आणखी अवघड. 'साठ' कानावर पडतं म्हणून 69 लिहिलं जातं. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असं वाचन आलं ते याच अडचणीपोटी.

घरी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधा. त्रेपन्न म्हणजे 5 गठ्ठे, 3 सुट्या. आधी मांडायचं, मग लिहायचं. रोज 5 संख्या, 10 मिनिटं, बस्स. एकोणसाठसाठी 6 गठ्ठे मांडून एक काडी काढायला सांगा. एक गठ्ठा सोडावाच लागतो. हातच्याची वजाबाकी पुढे तिथूनच कळते.