सतरा वर्षं चार महिने

जन्मल्यावर माझी नोंद मुलगी म्हणून झाली, पण मी मुलगा आहे, ट्रान्स. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुरू करायचं म्हणून समुपदेशनाच्या बैठका, रक्ततपासण्या, घरच्यांची समजूत हे सगळं पार पडलं. आता त्यातलं फारसं आठवतही नाही. आठवते ती नोंदणीची एक खिडकी.

लहान मुलांच्या विभागात माझा नंबर लागला तेव्हा मला सतरा वर्षं चार महिने झाले होते. डॉक्टर म्हणाल्या, "आता इथे सुरू करण्यात अर्थ नाही, तुला अठरा होतीलच. मोठ्यांच्या विभागाला चिठ्ठी देते." चिठ्ठी घेऊन तिकडे गेलो.

"अठरा पूर्ण?"

"आठ महिने आहेत."

"मग पूर्ण झाल्यावर या."

नाव तरी लिहून घ्या, नंबर तेवढाच पुढे सरकेल, म्हटलं. तर म्हणे, संगणक घेत नाही. वर आईकडे बघून, "पेशंट कुठाय? ती आली नाही का?" आई शांतपणे म्हणाली, "तो समोरच उभा आहे."

आठ महिने मी कुठल्याच विभागाचा नव्हतो. अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी खिडकीवर हजर झालो, तर चिठ्ठी सहा महिन्यांपेक्षा जुनी निघाली! नवी आणा, मूल्यमापनही पुन्हा करा. त्या दिवशी तिथेच रडलो.

तेव्हा पहिल्याच भेटीत विचारून घ्या: वय कुठल्या दिवशीचं धरता, चिठ्ठीच्या, पहिल्या भेटीच्या की औषध लिहून देण्याच्या? आणि प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा.

वयाची अट असण्यावर माझा राग नाही. टेस्टोस्टेरॉनने उतरलेला आवाज परत चढत नाही, हे कळायला समज लागतेच. पण तो आकडा काही दगडावरची रेघ नाही. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत हार्मोन्ससाठी साधारण 16 वर्षं म्हटलंय, सबळ कारण असेल तर त्याआधीही. डब्ल्यूपॅथ या ट्रान्सजेंडर आरोग्यावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांच्या 2022 च्या आवृत्तीत हार्मोन्ससाठी ठरावीक वयच नाही; तिथे समज आणि मूल्यमापन यांवर भर आहे. उलट इंग्लंडच्या आरोग्यसेवेने 2024 मध्ये अठराखालच्यांना वयात येणं थांबवणारी इंजेक्शनं नेहमीच्या उपचारांतून काढून टाकली. (मला ती तशीही उपयोगाची नव्हती. ती वयात येण्याच्या सुरुवातीला द्यायची असतात, माझं सगळं उरकलेलं होतं.) तज्ज्ञांनी वाद घालावा, जरूर घालावा. पण अट कुठलीही ठेवा, दोन विभागांमध्ये माणूस लोंबकळत ठेवू नका.

हो, एक राहिलंच. बीजांडं गोठवून ठेवायची का, हा विषय औषधाआधी काढा. मला तो अगदी शेवटच्या भेटीत विचारला, तोही घाईघाईत. आणि सुरुवातीचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट जपून ठेवा. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकतं, पुढे तुलनेला लागतो.

चौथ्या महिन्यात आवाज फाटायला लागला. पुढची तारीख घ्यायला त्याच खिडकीवर फोन केला, तर पलीकडून, "सर, पेशंटचं वय सांगा."