ऐच्छिक की वैकल्पिक?

'ऐच्छिक' आणि 'वैकल्पिक' यांत फरक काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाशकात मेनरोडमागच्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासते. फॉर्म, परिपत्रकं, पावत्या, पत्रिका, जे येईल ते. त्यामुळे "ताई, इथे ऐच्छिक टाकू की वैकल्पिक?" हा प्रश्न ठरलेला. मी उलट विचारते, "काहीच घेतलं नाही तर चालणार आहे का?" चालणार असेल तर ऐच्छिक. दोन-चारांतलं एक घ्यावंच लागणार असेल तर वैकल्पिक. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतला वैकल्पिक विषय कुठला ते तुम्ही ठरवा, पण घेतल्यावाचून सुटका नाही.

खरी गंमत साध्या शब्दांत आहे. पाककृतीत 'मीठ चवीनुसार' असतं. किती घालायचं एवढंच तुमच्या हातात, घालायचं की नाही हा प्रश्नच नाही. 'आवडत असल्यास ओलं खोबरं' ही मात्र खरी सूट. 'दक्षिणा यथाशक्ती' मिठाच्या जातकुळीतली: आकडा तुमचा, देणं गृहीत. रामकुंडावर नाहीतर त्र्यंबकला विधी करून आलेल्या कुणालाही विचारा.

हा घोळ पुराणा आहे. संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी याच्या सूत्रांत विकल्पासाठी, म्हणजे नियम लावला तरी चालेल, न लावला तरी चालेल हे सांगायला, 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्' असे शब्द येतात. परंपरेनं ते एकाच अर्थाचे मानले. १९७९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ पॉल किपार्स्की यांनी मांडलं की तसं नाही: 'वा' म्हणजे केलेलं बरं, 'विभाषा' म्हणजे न केलेलं बरं, आणि 'अन्यतरस्याम्' म्हणजे दोन्ही सारखंच. हे सगळ्यांनाच पटलेलं नाही. मला पटतं, कारण आपण घरी हेच करतो. "चहा घेणार ना?", "चहा घेणार का?", "चहा नको ना?" तिन्ही वेळा निवड पाहुण्याचीच, पण तिसऱ्या प्रश्नाला "टाका अर्धा कप" म्हणणारा पाहुणा विरळा.

इच्छा कुणाची, हेही बघावं लागतं. 'स्वेच्छानिवृत्ती'त ती नोकरदाराची (निदान कागदावर). 'मर्जी' मात्र बहुतेकदा वरच्याचीच.

मागे एका शाळेचं पत्रक आलं होतं: 'ऐच्छिक निधी सर्व पालकांनी १५ तारखेपर्यंत भरणे आवश्यक.' मी दोन्ही शब्दांभोवती लाल गोल करून विचारलं, यातला कुठला ठेवू? तासाभरानं तिथल्या क्लार्कचा फोन आला, "मॅडम, 'आवश्यक' काढा, 'अपेक्षित' टाका." टाकलं. पाणिनीचा 'वा'च तो.

फॉर्ममध्ये 'ई-मेल (ऐच्छिक)' असं लिहिलं तरी लोक कुणाचा तरी ई-मेल शोधून भरतातच. रिकामा रकाना दिसला की खिडकीवरून फॉर्म परत येईल, ही धास्ती. म्हणून मी हल्ली 'न भरल्यास चालेल' सुचवते. ओळ लांबते, आणि आमचा डीटीपीवाला कुरकुरतो.