राजवाडा एका रात्रीत, तिजोरी तीन आठवड्यांनी

सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात एक छोटं पांढरं भोजनगृह आहे. 1917 च्या ऑक्टोबरात लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने उठाव केला आणि झारनंतर आलेल्या हंगामी सरकारचे मंत्री इथेच पकडले गेले. तिथलं घड्याळ पहाटे 2.10 ला थांबवून ठेवलं होतं, ते 2017 साली पुन्हा चालू केलं. लोक फोटो काढतात आणि रेम्ब्रांटच्या दालनाकडे वळतात. सत्ता कशी घेतली एवढंच बघायचं असेल तर ठीक आहे. ती राखली कशी, हे बघायचं तर राजवाड्याबाहेर पडून पायी फिरावं लागतं. रस्ता दिवसभराचा आहे. सोमवारी हर्मिटेज, म्हणजे राजवाड्यातलं संग्रहालय, बंद असतं, तो दिवस टाळा. खालच्या जानेवारी 1918 पर्यंतच्या तारखा जुन्या रशियन कॅलेंडरच्या आहेत, त्यात 13 दिवस मिळवले की आपली तारीख येते.

राजवाड्यासमोरच्या चौकातून जनरल स्टाफच्या कमानीखालून गेलं की बोल्शाया मोर्स्काया रस्ता लागतो. नेव्हस्की हा हमरस्ता ओलांडल्यावर 22 नंबरची इमारत दिसते. हे तेव्हाचं टेलिफोन एक्स्चेंज. 24 ऑक्टोबरला सरकारने बोल्शेविकांच्या मुख्यालयाचे, म्हणजे स्मोल्नीचे फोन तोडले. 25 च्या सकाळी एक्स्चेंज बोल्शेविकांच्या हाती आल्यावर स्मोल्नीचे फोन जोडले गेले आणि राजवाड्याचे तुटले. पण 29 ला लष्करी शाळांच्या कॅडेटांनी इमारत परत घेतली, संध्याकाळपर्यंत पुन्हा गमावली, आणि या धुमश्चक्रीनंतर बहुतेक ऑपरेटर मुली काम सोडून निघून गेल्या. स्विचबोर्ड शाबूत, तारा शाबूत, पण कुठली पिन कुठे खुपसायची हे सैनिकांना येत नव्हतं. पुढच्या दोन महिन्यांत शहरभर हेच झालं.

इथून सादोवाया 21 पर्यंत चालत जा. क्वारेंगीने बांधलेली ही इमारत म्हणजे तेव्हाची स्टेट बँक, आज तिथे अर्थशास्त्राचं विद्यापीठ आहे. मागच्या कालव्यावर सोनेरी पंखांच्या ग्रिफिनांचा पूल आहे. फोटोवाले पुलावर गर्दी करतात, पण पुलामागची इमारत कसली, हे सहसा कोणी विचारत नाही.

25 ऑक्टोबरच्या सकाळीच बँकेला सशस्त्र पहारा बसला होता. तरी नव्या सरकारला दमडी मिळेना. त्यांनी एक कोटी रूबल मागितले. अधिकाऱ्यांचं उत्तर सरळ कारकुनी होतं: कायदेशीर सरकारची सही नाही, रक्कम देता येत नाही. गंमत म्हणजे सहीची ताकद बोल्शेविकांना आधीच कळलेली होती. उठावाच्या तीन दिवस आधी त्यांच्या लष्करी क्रांतिकारी समितीने शहरातल्या पलटणींना कळवलं होतं की आमची सही नसेल तो हुकूम मानायचा नाही. फौज सहीने आली, पण बँकेत तीच सही चालेना. शेवटी 17 नोव्हेंबरला बंदुकीच्या धाकाने 50 लाख रूबल काढले आणि पोत्यांत भरून स्मोल्नीला नेले. सरकारचा खजिना म्हणजे ती पोती!

बाकी मंत्रालयांतले कारकूनही संपावर होते, आणि संप मोडत नव्हता, कारण त्यांना पगार आगाऊ मिळालेले होते आणि खासगी बँका संपाला पैसा पुरवत होत्या. ही नस सापडायला दीड महिना गेला. 14 डिसेंबरच्या सकाळी सशस्त्र तुकड्या राजधानीतल्या खासगी बँकांत शिरल्या आणि त्याच दिवशी राष्ट्रीयीकरणाचा हुकूमनामा निघाला. पैसा आटल्यावर संप विरघळत गेला. जुने कारकून त्याच टेबलांवर परत आले, आणि माझ्या मते बंदुकीपेक्षा हे परतणं मोठं होतं.

तिथून गोरोखोवाया रस्ता धरून सरळ अ‍ॅडमिरल्टीच्या दिशेने या. 2 नंबरच्या इमारतीत छोटं संग्रहालय आहे, उघडं असल्याची खात्री करून जा. 7 डिसेंबरला चेका, म्हणजे नवे गुप्त पोलीस, स्थापन झाले आणि त्यांचा प्रमुख झेर्झिन्स्की याने कचेरी इथे थाटली. झारच्या काळात शहराची पोलिसी सत्ता ज्याच्या हाती होती त्या नगरप्रमुखाचीच ही इमारत. चेकाला जन्म देणाऱ्या बैठकीपुढचा तातडीचा विषय सरकारी नोकरांचा सार्वत्रिक संप हा होता, हे इथे उभं राहून आठवायला हवं. पुढे चेकाचा आवाका फार वाढला. 1918 च्या ऑगस्टअखेर पेत्रोग्राद (या शहराचं तेव्हाचं नाव) चेकाचा प्रमुख उरित्स्की याचा खून झाला, त्याच दिवशी मॉस्कोत लेनिनवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला लाल दहशतीचा, म्हणजे विरोधकांना पकडून गोळ्या घालण्याचा, हुकूमनामा आला.

आता मेट्रोने चेर्निशेव्स्कायाला उतरून तावरिचेस्की महालाकडे चला. आत सहज सोडत नाहीत, मागची बाग मात्र खुली असते. संविधान सभेची निवडणूक बोल्शेविकांनी होऊ दिली. मतं सुमारे चतुर्थांश मिळाली, समाजवादी क्रांतिकारक या प्रतिस्पर्धी पक्षाला बरीच जास्त. 5 जानेवारी 1918 ला सभा भरली. बाहेर तिच्या समर्थनाच्या मोर्चावर गोळीबार झाला, आत सज्जात दारू प्यायलेले खलाशी बंदुका रोखून बसलेले. पहाटे पावणेपाचच्या सुमारास झेलेझ्न्याकोव्ह नावाच्या खलाशाने अध्यक्षांना सांगितलं, पहारेकरी दमलेत, उठा आता. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. काही दिवसांतच याच महालात सोव्हिएतांची, म्हणजे कामगार-सैनिकांच्या निवडलेल्या परिषदांची, तिसरी काँग्रेस भरली. सभागृह तेच, फक्त प्रतिनिधी आपले.

स्मोल्नी इथून वीसेक मिनिटांवर. आत शहराचं प्रशासन असल्याने लेनिनची खोली बघायला आधी परवानगी लागते. बाहेरून बघितलं तरी चालतं.

दुसरा दिवस हाताशी असेल तर बसने क्रोनस्टाट या नौदलाच्या किल्लेबंद बेटावर जा, रस्ता आता धरणावरून जातो. इथल्या खलाशांनी 1917 मध्ये क्रांतीला बळ दिलं होतं. 1921 च्या मार्चमध्ये तेच बेट उलटलं: नव्याने निवडलेली सोव्हिएतं हवीत, शेतकऱ्याच्या धान्याची जप्ती नको. सरकारला घाई होती, कारण बर्फ वितळलं की किल्ल्यापर्यंत पायदळ पोचणार नव्हतं आणि युद्धनौका मोकळ्या होणार होत्या. पहिला हल्ला फसला. मग मॉस्कोत चालू असलेल्या पक्षाच्या दहाव्या काँग्रेसमधून सुमारे 300 प्रतिनिधी इथे पाठवले गेले. त्याच काँग्रेसने धान्यजप्ती रद्द करून ठरावीक कर लावला, आणि पक्षांतर्गत गटांवर बंदीही घातली. नव्या कॅलेंडरप्रमाणे 17 मार्चच्या पहाटे पांढरे झगे घातलेल्या तुकड्या गोठलेल्या आखातावरून चालत निघाल्या. 18 तारखेला बेट पडलं. तो दिवस पॅरिस कम्यूनचा, म्हणजे पॅरिसच्या कामगारांच्या 1871 च्या क्रांतिकारी सत्तेचा, पन्नासावा वर्धापनदिन होता.