दांडीला लागून पलीकडे

पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजचा फुटबॉल सामना, अर्थात अमेरिकन फुटबॉलचा. मी बॅक जज, म्हणजे मागच्या बाजूचा एक पंच. चौथा क्वार्टर संपत आलेला, यजमान दोन गुणांनी मागे. त्यांनी फील्ड गोल घ्यायचं ठरवलं, म्हणजे किक मारून बॉल दोन खांबांमधून, दांडीवरून पलीकडे घालवायचा. त्याचे गुण ३, म्हणजे सामना फिरणार. एका खांबाखाली मी, दुसऱ्याखाली फील्ड जज, हाही पंचच. खांबांमध्ये साडेअठरा फूट अंतर, आडवी दांडी दहा फुटांवर.

किक बसली आणि बचावातल्या एका उंच पोरानं उडी मारून बॉलला बोटं लावली. बॉल कटलेल्या पतंगासारखा गोते खात आला, दांडीवर आपटला, वर उडाला आणि आमच्या मागे पडला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पुढे आलो आणि हात वर केले.

पाहुण्यांचे कोच खवळले. "आमच्या पोरानं ब्लॉक केलाय, गोल कसला देता?"

कॉलेजच्या नियमात प्रतिस्पर्ध्याचा हात लागल्यानं किक बाद होत नाही. दांडीवरून, खांबांमधून जाण्याआधी बॉल जमिनीला किंवा किक मारणाऱ्या संघाच्याच खेळाडूला लागता कामा नये, एवढंच. मला हे रास्त वाटतं. ब्लॉक करायचा तर पुरता करावा. नुसतं बोट लागल्याचं बक्षीस कशाला?

मग कोचनी खरा मुद्दा काढला: "त्यांच्याच गार्डच्या हेल्मेटला लागून वर गेला!" गार्ड म्हणजे किक मारणाऱ्या संघाच्या पुढच्या फळीतला खेळाडू. तसं असेल तर गोल नाहीच. रिप्लेची सोय नव्हती. रेफ्रीनं, म्हणजे मुख्य पंचानं, सगळ्या पंचांना जवळ बोलावलं. मी फक्त दांडीपाशी काय झालं ते सांगितलं. लाइनमधली हेल्मेटं मला तिथून दिसणं शक्य नव्हतं. बचावफळीमागे उभा असलेला अंपायर ठामपणे म्हणाला, "बोटांवरून थेट वर गेला, मधे कुणी नव्हतं." किकसाठी बॉल धरून ठेवणाऱ्या होल्डरजवळून रेफ्रीनंही तेच पाहिलं होतं. गोल कायम.

मैदानात अशी चर्चा करायला काही पंच कचरतात. मला ते पटत नाही. २००७ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या सामन्यात बाल्टिमोरला क्लीव्हलँडच्या फिल डॉसनची ५१ यार्डांची किक खांबाला लागली, मग दांडीमागच्या वाकड्या आधारावर आदळून परत मैदानात आली. आधी गोल नाकारला गेला, पण पंचांनी आपसात बोलून तो दिला. बरोबरी झाली आणि क्लीव्हलँड ओव्हरटाइममध्ये जिंकलं. पुढच्याच वर्षी एनएफएलनं अशा किकसाठी रिप्लेची मुभा दिली.

आमच्याकडे रेफ्रीनं कोचना कोणी काय पाहिलं ते नीट समजावलं. ते मान्य झाल्यासारखे दिसले नाहीत, पण पुढे वाद न घालता त्यांनी किकऑफसाठी पोरं पाठवली.